हातचा

राउमाच्या गोदीत सकाळचे सात. बाहेर उणे अकरा.
हेल्वी कोस्किमाकी हातमोजे रेडिएटरवर वाळत घालते
आणि यंत्र सुरू करते.
खिडकीबाहेर दिव्यांच्या झोतात
एक अर्धं जहाज उभं.

बर्फ फोडायचं जहाज. हेल्वीपाशी मात्र ते
एक हजार चारशे बारा ओळींचं आहे.
ओळीला क्रमांक, आरंभ, अखेर, तास, युरो.
४.३.७ : फासळ्या एकसष्ट ते चौऱ्याहत्तर, जोडकाम.
४.३.८ : त्याच फासळ्या, तपासणी.

नव्या प्रणालीचं काम एकच, गोषवारा.
ओळीच्या डाव्या कडेला इवलासा त्रिकोण;
टिचकी मारली की चौदा ओळी
एका ओळीच्या पोटात शिरतात,
ती तिच्या थोरलीच्या पोटात,
थोरली आणखी कुणाच्या,
आणि शेवटी ठळक अक्षरांत उरतं :
जहाज. बासष्ट टक्के. नऊ दिवस मागे.
पुढे एक रक्कम, जी वाचताना संचालक पाणी पितात.

हेल्वीला हे आवडतं, खोटं कशाला बोला.
तिच्या वडिलांनी याच गोदीत उभी हयात
चौकटीच्या वहीत बेरजा केल्या, पेन्सिलीनं,
हातचा वर कोपऱ्यात बारीक लिहून.
आपण त्याला हातात ठेवतो.
तिच्या भाषेत त्याला आठवणीचा अंक म्हणतात.
बेरीज जुळली की वडील तो खोडत.
रबराचा चुरा फुंकरीनं उडवत.

मंगळवारी तास जुळेनात.
फाटकावरच्या नोंदीत सहा जास्त.
दर आठवड्याला सहा, ऑक्टोबरपासून.
तिनं त्रिकोणामागून त्रिकोण उघडले,
कांदा सोलावा तसे,
तळाशी एक करडी ओळ सापडली :
४.३.९. किरकोळ. खर्च शून्य,
म्हणून गोषवाऱ्यात धरलेली नाही.
नाव : वेइयो रान्ताला.

वेइयो तर सप्टेंबरात निवृत्त झाला,
केक कापला होता, घड्याळ दिलं होतं.

ती जिना उतरून खाली गेली.
रंगाच्या उपड्या डब्यावर वेइयो, डोळे मिटलेले,
समोर झोर्याना, खार्कीवहून आलेली शिकाऊ पोर,
मुखवट्याआड, ठिणग्यांच्या कुशीत.
दोघांत मिळून सामायिक शब्द असतील चाळीस.
"मासा तळल्यासारखा आवाज आला पाहिजे," वेइयो म्हणाला,
"एकसारखा, मंद.
आत्ता तुझा मासा जळतोय."
पोरीनं हात किंचित उचलला.
आवाज बदलला. हेल्वीलाही कळलं.

तो क्रमांक फाटकावरच्या पहारेकऱ्यानं दिलेला :
"क्रमांकाशिवाय आत सोडता येत नाही,
मग मी पुढचा मोकळा होता तो लिहिला."

शुक्रवारी बैठक.
प्रणालीत एक रिकामी चौकट आहे :
शून्य खर्चाच्या ओळी दाखवा.
हेल्वीचा बाण त्या चौकटीवर बराच वेळ थांबला.
दाखवली, तर कुणीतरी विचारणार, हा कोण,
मग विमा, मग नियम,
मग वेइयोला बाहेरच्या बर्फातूनच नमस्कार.
नाही दाखवली, तर फासळी एकसष्ट ते चौऱ्याहत्तर
आपोआपच सरळ जोडल्या गेल्या, असंच
कायम लिहिलेलं राहील.

ती चौकट तिनं रिकामीच ठेवली.
गोषवारा छापला, एक पान, अजून गरम.
खणातून वडिलांची पेन्सिल काढली,
वर उजव्या कोपऱ्यात
बारीक अक्षरात सहा लिहिला.

संचालकांनी पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी.
"आधीची पाच पानं कुठायत?"